चाचांनी आणलेला गाळ

आमच्याकडे खताची गोणी तपासल्याशिवाय घरात यायची नाही. आबा, म्हणजे माझे वडील, आधी तिची शिवण बघायचे. दोरा मशीनचा आहे की हाताने पुन्हा घातलेला, टाके सारखे आहेत की नाहीत. मग कोपऱ्यातून चार दाणे काढून तळहातावर चुन्याबरोबर चोळायचे आणि हात माझ्या नाकापुढे धरायचे. नाकात झणका गेला तर माल खरा. नाही गेला तर गोणी आल्या पावली परत. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. रसायनशास्त्राशी माझी ओळख अशी झाली. समोरचा फसवणार हे धरून चालायचं, आणि तो खरा निघाला तर बरं वाटून घ्यायचं.

असोद्याला आमची केळीची बाग आहे. एम.एस्सी. करून मी जळगावच्या एका कॉलेजात प्रकल्प सहायक म्हणून लागले. कामाचं स्वरूप ऐकल्यावर आबांनी विचारलं, "मंग आपल्या केयीवर केस कराले लावशीन का सरकारले?"

त्यांची शंका अगदीच हवेतली नव्हती. आमच्या सरांचा विषय असा होता: शेतात घातलेलं नत्र आणि स्फुरद सगळंच पिकाला लागत नाही. उरलेलं पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून तापीत जातं. वाटेत गावांचं, शहरांचं सांडपाणी मिसळतं. तापी हे सगळं घेऊन सुरतच्या पुढे समुद्राला मिळते, आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याला खताचा जादा डोस बसतो. त्या खतावर बारीक शेवाळ माजतं, मरतं, तळाशी बसतं, तिथे कुजतं. तळाशी किती बसतं आणि बसलेल्यातलं किती परत पाण्यात येतं, हे आम्हाला मोजायचं होतं.

खाली बसणारा गाळ धरायला नळ्या लागतात. वर उघड्या, खाली बंद, दीड हात लांब. पाण्यात उभ्या बांधून ठेवायच्या, वरून जे पडेल ते आत साठतं. दुसऱ्या दिवशी काढायच्या, साठलेलं बाटलीत भरायचं, वाळवून वजन करायचं. विकतच्या नळ्या मागवायला वेळ लागणार होता म्हणून सरांनी जळगावातल्याच एका पाइप फिटरला गाठलं. साठीकडे झुकलेला माणूस, पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल. निम्म्या जिल्ह्यात त्यांनी ठिबकच्या लाइनी बसवल्या होत्या. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला बेटी म्हणायचे.

चाचांनी नळ्या केल्या त्या बघण्यासारख्या होत्या. कडा कानसीने घासून गुळगुळीत, तळाला वजनासाठी शिसं, बाहेरून दोरीसाठी खाचा. सरांनी नळ्यांबरोबर त्यांनाही कामावर घेतलं, कारण समुद्रावर माझ्यासोबत कोणीतरी हवं होतं आणि त्यांची बहीण सुरतेला राहत होती. ते बहिणीकडे उतरायचे, मी तिथल्या एका कॉलेजच्या गेस्टहाउसवर.

महिन्यातून एकदा आम्ही सुरतेची गाडी धरायचो. बर्फाची पेटी, नळ्यांचं पोतं, बाटल्यांचा क्रेट. खाडीच्या तोंडाशी मासेमारांची एक वस्ती आहे. तिथला एक नाववाला आम्हाला त्यांच्या जाळ्यांच्या खांबांपर्यंत न्यायचा, आणि त्या खांबांना आम्ही नळ्या बांधायचो. मला बोटीत मळमळतं. म्हणून मी नाववाल्याला फोन करून पाणी शांत असेल तेच दिवस मागून घ्यायचे. किनाऱ्यापासून बोटीपर्यंत गुडघाभर चिखलातून चालावं लागायचं. परत येताना आम्ही दोघंही मांड्यांपर्यंत राखाडी झालेलो असायचो, आणि गाडीत शेजारचे लोक सरकून बसायचे.

असे सहा महिने गेले. नळ्यांत साधारण सारखाच गाळ यायचा, तळाला बोटभर, मऊ, हिरवट. आकड्यांना एक शिस्त आली होती. सर खूश होते.

मग कॉलेजच्या जिन्यात माझा पाय घसरला आणि घोट्याला प्लास्टर बसलं. तीन महिने प्रवास बंद. चाचा म्हणाले, "मी जातो की एकटा. नळ्या माझ्याच आहेत." सरांनी होकार दिला. मी तारखांची वही, बाटल्यांच्या चिठ्ठ्या सगळं त्यांच्या हवाली केलं.

पहिल्या फेरीहून ते आले तेव्हा मी प्रयोगशाळेत खुर्चीवर पाय वर करून बसले होते. त्यांनी क्रेट टेबलावर ठेवला. मी एक बाटली उचलली आणि हात खाली गेला. बाटली जड होती. आत हिरवट काही नव्हतं. घट्ट, राखाडी, कुंभाराच्या मातीसारखं.

"एवढं आलं?" मी विचारलं.

"नळी अर्धी भरली होती," ते म्हणाले. "मलाही नवल वाटलं."

ओव्हनमध्ये वाळवून वजन केलं, तर नेहमीच्या कितीतरी पट. मला वाटलं, वाळवण्यात चूक झाली असेल. पुन्हा एक दिवस ओव्हनमध्ये ठेवलं. वजन तेवढंच. दुसऱ्या महिन्यातही तसंच. तिसऱ्याही.

तेव्हा मी चाचांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तिसऱ्या फेरीहून आले तेव्हा त्यांची पँट स्वच्छ होती. चपलांना चिखल नव्हता. नळ्यांच्या पोत्याला चिखल नव्हता. नळ्याही आतून-बाहेरून धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून आणलेल्या. आधी आम्ही आणायचो तेव्हा त्यांच्यावर खारट पांढरी पुटं असायची. शिवाय ते ठरल्या गाडीच्या आधीच्या गाडीने आले होते. येताना बहिणीकडची घारी, ती सुरतची तुपातली मिठाई, आणली होती, तो डबा माझ्यापुढे ठेवला.

"चाचा, चिखल लागला नाही या वेळी?"

"नाही लागला," ते म्हणाले. "पाणी चढतं तेव्हा बोट पायरीलाच लागते."

मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं. सहा महिने आम्ही जात होतो, एकदाही बोट पायरीला लागली नव्हती. त्यांनी दिलेली घारी मी कपाटात ठेवली. दोन दिवसांनी शिपायाला देऊन टाकली.

माझ्या डोक्यात चित्र तयार व्हायला वेळ लागला नाही. दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा माणूस, बघणारं कोणी नाही, बहिणीचं घर जवळ. कशाला बोटीत बसायचं. खाडीच्या काठावरून चार मुठी चिखल घ्यायचा, बाटल्यांत भरायचा, वर पाणी ओतायचं. नळ्या नुसत्याच नळाखाली धुवायच्या. चिखल किती घालायचा याचा अंदाज तेवढा चुकलेला. चित्र इतकं पटण्यासारखं होतं, की त्यात काही कमी आहे का हे मी बघितलंच नाही. उलट जे जे दिसेल ते त्यात बसवत गेले.

आमच्याकडची भट्टी बंद पडली होती. गाळ जाळून त्यातला सेंद्रिय भाग किती हे बघायला, आणि स्फुरद मोजायला, मी नमुने धुळ्याच्या एका कॉलेजात न्यायचे. प्लास्टर निघाल्यावर पहिला प्रवास तोच केला. एरंडोलला बस बराच वेळ थांबली. कंडक्टरला माझ्या मांडीवरच्या डब्याचं कोडं पडलं होतं.

"या डबामा काय शे?"

"माती आहे. समुद्रातली."

तो जरा वेळ डब्याकडे बघत राहिला. "आठे माती कमी शे का?" म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला. त्याने डब्यावर विश्वास ठेवला नव्हता हे उघड होतं. पारोळ्यापर्यंत तो मागे वळून वळून बघत होता.

धुळ्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. बोलायला कमी, कामाला पक्क्या. त्यांनी नमुने भट्टीत घातले, थंड केले, तोलले. शांत दिवसांचे आमचे जुने नमुने जाळल्यावर चांगले घटायचे, कारण त्यात मेलेलं शेवाळ भरपूर असायचं. चाचांचे तीन महिन्यांचे नमुने जवळजवळ घटलेच नाहीत.

"यात सेंद्रिय काही नाहीच म्हणायला," मॅडम म्हणाल्या. "वरून पडलेला गाळ असा नसतो. हा तळाचा चिखल आहे. कोणी आणला हा?"

"आमचा फील्डचा माणूस."

"तू होतीस बरोबर?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांनाही तेच वाटतंय जे मला वाटतंय. नंतर कळलं की त्या फक्त चष्मा पुसत होत्या.

जळगावला परत आल्यावर मी नाववाल्याला फोन केला. तो गुजराती आणि हिंदी मिसळून बोलायचा. मी विचारलं, चाचा मागच्या तीन महिन्यांत बोटीत आले होते का. तो म्हणाला, "हाँ हाँ, आए थे ना. तीनों बार." मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत "तीनों बार" म्हणाला. मी तिथेच ठरवलं की दोघांनी आधी बोलून ठेवलंय.

त्या आठवड्यात असोद्याला गेले तेव्हा आबांना सांगितलं. ते ओट्यावर केळीच्या झाडांना टेकू द्यायच्या काठ्या निवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ते म्हणतील, बरं केलंस तपासलंस. ते म्हणाले, "तू सोताच्या डोयानं पाह्यलं का त्याले चिखल भरतांना?"

"नाही. पण सगळं तसंच दिसतंय."

"शिवण पाहून गोनी परत नै करत मी," आबा म्हणाले. "चुना लावून पाहतो मंग करतो."

मला राग आला. त्यांनी माझ्या बाजूने बोलायला हवं होतं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि वजनं, भट्टीचे आकडे, स्वच्छ चपला, आधीची गाडी, सगळं ओळीने सांगितलं. सांगताना माझा आवाज फार समंजस होता. मी कोणावर आरोप करत नाहीये, असंही दोनदा म्हणाले.

सरांनी चाचांना बोलावलं. मी जायला उठले तर म्हणाले, थांब. चाचा आले, टोपी सरळ केली, दाराशी उभे राहिले. सरांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"चाचा, हे तीन महिन्यांचे नमुने तुम्ही नेमके कुठून घेतले?" सरांनी विचारलं.

"नळीतून."

"नळ्या खांबाला बांधल्या होत्या? तिथेच?"

"तिथेच."

"मग एवढा गाळ कसा आला? आणि तोही असा, तळाचा?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या वहीकडे. त्यांना कळलं की प्रश्न सरांच्या तोंडून येत असले तरी कुणाचे आहेत.

"सर, मी नळी पाण्यात सोडली आणि नळी वर काढली," ते म्हणाले. "आत काय यावं ते माझ्या हातात नाही."

"कोणी बघितलं का तुम्हाला?"

"नाववाला होता."

मी न राहवून म्हणाले, "नाववाला तुमच्या ओळखीचाच आहे ना, चाचा."

सर म्हणाले, "ठीक आहे. सध्या तुम्ही जरा विश्रांती घ्या. पुढची फेरी या मॅडमच करतील." चाचांनी खिशातून प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली काढली, सरांच्या टेबलावर ठेवली. जाताना मला म्हणाले, "चलतो मॅडम." बेटी नव्हे.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. एक किडका दाणा बाजूला काढावा तसं.

पुढची फेरी लवकर करायची होती, कारण सरांना तिमाही अहवाल द्यायचा होता. मी नाववाल्याला शांत दिवस मागितले. तो म्हणाला, शांत दिवसांना आठवडा आहे, परवा अमावास्या आहे, लगेच यायचं तर ती झाली की उधाणाच्या भरतीत या. माझ्याकडे आठवडा नव्हता. एका विद्यार्थिनीला सोबत घेऊन मी निघाले.

दुपारी वस्तीवर पोचलो. मी सवयीने सलवार दुमडून वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि धक्क्याकडे वळले. पुढे चिखल नव्हताच. धक्क्याच्या दगडी पायऱ्यांना पाणी लागलं होतं. सहा महिन्यांत मी त्या पायऱ्या फक्त उघड्या, शेवाळलेल्या बघितल्या होत्या. आज खालच्या चार-पाच पायऱ्या पाण्यात होत्या आणि बोट वरच्या पायरीला टेकून हलत होती. नाववाला म्हणाला, "आइए, आज सीधा चढ़ जाओ."

मी चपला घालून बोटीत पाऊल ठेवलं. तळव्यालासुद्धा पाणी लागलं नाही.

बोट निघाली तरी माझं मन तेवढ्यावर वळलं नाही. मी स्वतःला सांगत होते, ठीक आहे, पायरीचं खरं होतं. पायरीचं खरं असलं म्हणजे बाकीचं खरं होत नाही. खोटं बोलणारा माणूस एखादी गोष्ट खरी सांगतोच.

खांबांपाशी पोचलो तेव्हा पाणी ओळखू येईना. आमच्या शांत दिवसांत तिथलं पाणी हिरवट, मंद असायचं. आज ते पावसाळ्यातल्या तापीसारखं मातकट होतं आणि एका दिशेने ओढत होतं. खांब थरथरत होते. नळ्या बांधताना दोरी हाताला काचली. विद्यार्थिनीने बोटीची कड धरून ठेवली होती. मला मळमळत होतं, पण त्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळ्या वर काढल्या. पहिलीच नळी दोघांना मिळून ओढावी लागली. आत निम्म्याहून वर गाळ. घट्ट, राखाडी. कुंभाराच्या मातीसारखा.

मी ती नळी मांडीवर धरून बसले. नाववाला म्हणाला, "चाचा का भी ऐसा ही आता था. वो बोलते थे, मॅडम खुश हो जाएगी, इतना माल आया."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या मनात आलं ते असं: रात्रभर नळ्या इथे होत्या. वस्तीतल्या कोणीही येऊन त्या भरल्या असतील. चाचांनी फोन केला असेल. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तो मला बिस्किटाचा पुडा देत होता. त्या क्षणी मला स्वतःचीच थोडी भीती वाटली. कितीही पुरावा दिला तरी मी एक पायरी मागे सरकून पुन्हा संशयच घेणार होते. याला कुठेतरी थांबवायला हवं होतं, आणि थांबवायची मला एकच रीत माहीत होती.

तिसऱ्या दिवशी मी सकाळीच गेले, पाणी पूर्ण उतरलेलं असताना. तेव्हा मात्र चिखल तुडवत, विद्यार्थिनीचा हात धरून, बोटीपर्यंत जावं लागलं. खांबाला मी एक रिकामी, धुतलेली नळी स्वतःच्या हाताने बांधली आणि नाववाल्याला सांगितलं, बोट इथेच ठेवा. पाणी पूर्ण चढेपर्यंत मी इथून हलणार नाही.

त्याने नांगर टाकला आणि टोपी डोळ्यांवर ओढून आडवा झाला. आम्ही दोघी उन्हात बसलो. भरतीचं पाणी यायला लागलं तसं तळातून ढग वर यायला लागले. खरोखर ढगच, चहात दूध ओतल्यासारखे, फक्त वर येणारे. तळाला बसलेला चिखल पाणी खरवडून उचलत होतं आणि आमच्या बोटीखालून पुढे नेत होतं. मी ठरावीक वेळाने बाटलीत पाणी भरत होते. प्रत्येक बाटली आधीच्या बाटलीपेक्षा गढूळ. मग दुपारी पाणी चढून थांबलं. खांबांची थरथर थांबली. थोडा वेळ सगळं निश्चल झालं आणि वर आलेला तो चिखल हळूहळू परत खाली बसू लागला. माझ्या नळीतही बसू लागला.

नळी वर काढली तेव्हा तिच्यात चार बोटं गाळ होता. एका भरतीचा. मधे कोणी आलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता. नळी बांधलेल्या खांबापासून मी हलले नव्हते.

पाणी ओसरायच्या आत बोट पायरीला लागली आणि मी कोरड्या पायांनी उतरले.

धुळ्याच्या मॅडमनी तो गाळ जाळला. चाचांच्या नमुन्यांसारखाच, घटला नाही. पाण्याच्या बाटल्यांत स्फुरद बघायला त्यांनी रसायन घातलं तर शांत दिवसांपेक्षा निळा रंग कितीतरी गडद आला, म्हणजे स्फुरद तितकं जास्त. तेव्हा मॅडम जरा बोलत्या झाल्या.

"म्हणजे हा वरून नव्याने पडणारा गाळ नाही," त्या म्हणाल्या. "तोच चिखल उठतो आणि बसतो, उठतो आणि बसतो. नळी त्याला दर वेळी नवा समजून धरते. आणि उठताना तो पोटातलं स्फुरद पाण्याला परत देतो. वरून खत येणं बंद झालं तरी हा देतच राहील काही काळ."

"मी त्यांना चोर ठरवलं," मी म्हणाले.

"कोणाला?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "हा तळाचा चिखल आहे, एवढंच मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "काठावरून भरलाय असं म्हटलं नव्हतं." त्यांना स्वतःचा बचाव करायचा नव्हता. जे म्हणाल्या होत्या ते त्यांना नेमकं आठवत होतं, एवढंच.

सरांना सगळं सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, हा तर स्वतंत्र पेपर झाला," ते म्हणाले. मी म्हणाले, चाचांचं काय करायचं. ते म्हणाले, बोलव त्यांना, माफी मागू, त्यात काय. सरांसाठी ते खरंच तेवढं सोपं होतं.

चाचांचं घर जुन्या जळगावात, एका अरुंद गल्लीत. खाली पाइपचे तुकडे, एल्बो, टी यांची पोती, वर राहायची जागा. मी गेले तेव्हा ते जमिनीवर बसून एका नळाचा वायसर बदलत होते. त्यांनी बसायला स्टूल दिलं, आतून पाणी मागवलं. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं: पायऱ्या, ढग, एका भरतीत भरलेली नळी, धुळ्याचे आकडे. काही गाळलं नाही. नाववाल्यावर घेतलेला संशयसुद्धा सांगितला.

ते शेवटपर्यंत हातातलं काम करत ऐकत होते.

"अमावास-पुनवेला मी मुद्दाम जायचो," ते म्हणाले. "गुडघ्याने चिखल चालवत नाही. बोट पायरीला लागते म्हणून. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी विचारलं होतं चाचा. तुम्ही सांगितलंही होतं. मला ते खोटं वाटलं."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मग तुमचे आधीचे, ते हलके, ते बरोबर होते का?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सरांनीही नाही. मी म्हणाले, "ते शांत दिवसांचे होते. अर्धेच म्हणायचे."

"अर्ध्यावर तुम्हाला शक नाही आला."

"नाही. ते मी आणले होते."

ते थोडंसं हसले, पण माझ्याकडे बघून नाही. मी म्हणाले, पुढच्या महिन्यापासून परत या, सरही तेच म्हणताहेत. त्यांनी नळ तोंडाने फुंकून बघितला, फडक्याने पुसला.

"नळ्या पाहिजे तेवढ्या करून देईन," ते म्हणाले. "झाकणवाल्याही करू, ठरल्या वेळी बंद होतील अशा. समुद्रावर नाही येणार. तुम्हाला परत कधी शक येईल, न येईल. पण मला दर फेरीला वाटेल, आज आला का. ते नको आता."

मी आणखी आग्रह केला नाही. करायला हवा होता का, हे अजून कळलेलं नाही. जिन्यापर्यंत ते सोडायला आले. खालची पायरी मोडकी आहे, सांभाळून जा म्हणाले. बेटी म्हणाले नाहीत, मॅडमही नाही.

झाकणाच्या नळ्या त्यांनी खरंच केल्या. पंधरा दिवसांत पोतं भरून प्रयोगशाळेच्या दाराशी आलं, रिक्षावाल्याच्या हातून. नळ्या आधीपेक्षाही सुबक होत्या. आता आम्ही शांत दिवसांत एक फेरी करतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास एक. वहीत तिथीचा वेगळा रकाना आखला आहे. विद्यार्थिनी एकटी जाते तेव्हा मी तिला फक्त विचारते, पाणी कसं होतं. हे विचारताना आवाज साधा ठेवायला मला अजून कष्ट पडतात.

अहवाल लिहिताना मी एक परिच्छेद घातला होता: जोरदार भरतीच्या दिवसांचे पहिले नमुने कोणी आणले, आणि ते आम्ही कशामुळे बाजूला टाकले होते. सरांनी तो काढला. वैयक्तिक आहे, म्हणाले, शास्त्रात याचं काम नाही. आभारांत मात्र चाचांचा उल्लेख ठेवला, नळ्या बनवल्याबद्दल. नमुन्यांबद्दल नाही.

अहवाल गेला त्या दिवशी मी चाचांना फोन केला. तो परिच्छेद निघाला हे त्यांना माझ्याकडूनच कळावं असं वाटत होतं. फोन उचलला तेव्हा मागून पाण्याचा आवाज येत होता.

"टाकीवर चढलोय," ते म्हणाले. "हात ओले आहेत. नंतर करतो."

त्यांचा फोन आला नाही. कदाचित विसरले असतील, त्या दिवसांत घरोघरी टाक्यांचं काम निघालेलं असतं. कदाचित विसरले नसतील. मीही पुन्हा केलेला नाही.